पॉइंट टू टू आणि फुसका बार

‘कोणतं पिस्तूल घ्यावं?’ या प्रश्नाचं उत्तर कोल्हापुरात आता चहाच्या टपरीवरही मिळतं. तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांच्यानंतर आमच्या गावात कुस्तीच्या जोडीला नेमबाजीचं वेड शिरलं. मुलं एअर पिस्तुलाने सुरुवात करतात. दोन-तीन वर्षांत हात बसतो, मग प्रशिक्षक म्हणतात, आता पंचवीस मीटर सुरू करू. पंचवीस मीटर म्हणजे पॉइंट टू टू. म्हणजे शस्त्रपरवाना, आयातीची कागदपत्रं आणि बहुतेक घरांत बँकेतली एखादी ठेव मुदतीआधी मोडणं. या टप्प्यावर आईवडील जी चौकशी करतात ती एकाच दिशेने जाते : ऑलिंपिकचं पदक मिळालं ते कोणत्या पिस्तुलाने?

मी नेमबाज नाही. माझ्याकडे परवाना नाही आणि पिस्तूलही नाही. शिवाजी उद्यमनगरात टूलरूममध्ये आयुष्य गेलं. डाय, जिग, फिक्श्चर हा माझा व्यवसाय. शिक्षण म्हणाल तर आयटीआय. पण यंत्र दिसलं की ते का अडतं हे शोधायची खोड जुनी आहे. गेली पंधराएक वर्षं या छोट्या पिस्तुलांची पेटंटं, सुट्या भागांची चित्रं, दुरुस्तीची हस्तपुस्तकं आणि स्पर्धांची नियमपुस्तकं वाचण्यात मी सुट्टीचे दिवस घालवले आहेत. त्यातून माझं एक मत झालं आहे. पॉइंट टू टू पिस्तुलाचा इतिहास हा मुख्यतः एका अवघड काडतुसाशी जुळवून घेण्याचा इतिहास आहे. भरवशाचं पिस्तूल ओळखायचं तर आधी ते काडतूस ओळखावं लागतं. पिस्तुलांवरचं लिखाण एकतर संग्राहकांचं असतं, त्यांना अनुक्रमांकात रस. नाहीतर पदकांचं, त्यात माणसाला रस. बार का उडाला नाही याची हकीकत दोन्हीकडे एका ओळीत उरकलेली असते. मला त्याच ओळीबद्दल लिहायचं आहे.

काडतुसापासून सुरुवात करू. पॅरिसच्या फ्लोबेर नावाच्या बंदूक-कारागिराने १८४५च्या सुमारास ठासणीच्या बंदुकीची टोपी घेतली आणि तिच्या तोंडावरच शिशाची बारीक गोळी बसवली. दिवाणखान्यात बसून नेम धरायचं ते खेळणं होतं. १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी त्याच कल्पनेचं, पण आत दारू असलेलं काडतूस बनवलं, आज त्याला.२२ शॉर्ट म्हणतात. पुढे १८८७ मध्ये जे. स्टीव्हन्स या अमेरिकी कंपनीने पुंगळी आणि गोळी लांबवून .२२ लाँग रायफल काढलं. आज जगभर नेमबाज जे पॉइंट टू टू झाडतात ते हेच. वर्ष लक्षात ठेवावं. १८८७ मध्ये बाजारात एकही स्वयंभरण पिस्तूल नव्हतं. एकेक काडतूस बोटांनी नळीत सरकवायचं, बार काढायचा, पुंगळी ओढून टाकायची, या जमान्यासाठी ते घडवलेलं होतं. पुढे जी कटकट झाली तिचं मूळ इथे आहे.

या काडतुसाची पितळी पुंगळी पातळ असते आणि तिची कड बुडाशी बाहेर दुमडलेली असते. ही कड आतून पोकळ. ठिणगी पाडणारं मिश्रण त्या पोकळीत भरतात. ते ओलं असताना पुंगळी गरागरा फिरवली की मिश्रण कडेच्या वळचणीत जाऊन बसतं. पिस्तुलाची टाचणी त्या कडेवर आपटते, कड चेपते, मिश्रण पेटतं. आता समजा कडेच्या एका कोपऱ्यात मिश्रण नीट पोचलंच नाही आणि टाचणी नेमकी तिथेच आपटली, तर बार उडत नाही. लवंगी माळेत एखादा फटाका सुरसुरून गप्प बसतो, तसा हा फुसका बार. गंमत अशी की तेच काडतूस थोडं फिरवून पुन्हा घातलं तर अनेकदा उडतं. मोठ्या काडतुसांत ठिणगीची टोपी बुडाच्या मधोमध असते, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. पण ती महागही पडतात. दिवसाला शंभर-दोनशे बार काढणाऱ्याला स्वस्त काडतूस लागतं, आणि स्वस्त म्हणजे कडेला दारू असलेलंच.

दुसरी अडचण त्या कडेचीच. पुंगळीचा व्यास ५.७ मिलिमीटर, कडेचा सुमारे ७. काडतुसं मॅगझीनमध्ये एकावर एक रचली की वरच्याची कड खालच्याच्या कडेपुढे असली पाहिजे. ती मागे राहिली तर वरचं काडतूस पुढे सरकताना खालच्याला अडकतं आणि सगळी रास थबकते. म्हणून या पिस्तुलांची मॅगझीन तिरकी असतात, आणि मॅगझीन मुठीत बसत असल्यामुळे मूठही तिरकी. जुन्या पॉइंट टू टू पिस्तुलांचा तो डौलदार कल पाहून कलावंताचा हात आठवतो, पण त्यामागे ही कड आहे.

तिसरं, गोळी उघड्या शिशाची, वरून मेणाचा किंवा ग्रीसचा हात दिलेला. नळीच्या तोंडाशी चढताना शिसं खरवडतं, मेणाला धूळ आणि जळकट चिकटते. शंभरएक बारांनंतर आतला भाग मे महिन्यातल्या सायकलच्या साखळीसारखा दिसतो.

आणि चौथी अडचण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. गोळी साधारण २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास. म्हणजे तिचा संवेग ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या गोळीच्या जेमतेम एक तृतीयांश. स्वयंभरण पिस्तुलात एक सरकता भाग असतो, त्याला स्लाइड म्हणतात. बाराच्या धक्क्याने ती मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना नवं काडतूस नळीत ढकलते. या सगळ्या कामाला लागणारी ऊर्जा त्या एका धक्क्यातूनच मिळते. धक्का एवढा लहान की काटकसर करावी लागते. स्लाइड जड झाली तर अर्ध्यात थांबते, हलकी झाली तर वेळेआधी उघडते. स्प्रिंग कडक असेल तर पुंगळी बाहेर पडत नाही, ढिली असेल तर पुढचं काडतूस नीट बसत नाही. थोडं जळकट साचलं की हिशेब कोलमडतो. टूलरूमच्या भाषेत सांगायचं तर इथे ‘मार्जिन’ फार कमी.

या काडतुसाशी पहिला टिकाऊ समझोता जॉन मोझेस ब्राउनिंगच्या रचनेने केला. कोल्ट कंपनीने तिच्यावर आधारलेलं पिस्तूल १९१५ मध्ये बाजारात आणलं. ‘वुड्समन’ हे नाव त्याला १९२७ मध्ये मिळालं आणि १९७७ पर्यंत ते बनत राहिलं. सडपातळ नळी, फक्त मागच्या अर्ध्या भागाची हलकी स्लाइड, तिरकी मूठ. पण ब्राउनिंगचा हिशेब त्या काळच्या मवाळ काडतुसावर बेतलेला होता. १९३०च्या सुमारास अमेरिकी कारखान्यांनी ‘हाय स्पीड’ काडतुसं काढली. बाहेरून तीच, मापंही तीच, फक्त जोर जास्त. जुन्या वुड्समनमध्ये ती घातली की स्लाइड हवी त्यापेक्षा जोरात मागे आपटायची. कोल्टला स्प्रिंगमागचा भाग बदलून मजबूत करावा लागला. त्यामुळे जुनं वुड्समन हाती आलं की जाणकार आधी मुठीच्या मागची पट्टी पाहतो; तिच्यावरच्या खाचांच्या नक्षीवरून ते कोणत्या काडतुसासाठी बनलंय हे ओळखता येतं. पिस्तुलात काही बिघडलं नव्हतं. दुकानातलं काडतूस बदललं आणि कालपर्यंतचं भरवशाचं पिस्तूल आज शंकास्पद झालं. माझ्या मताला याहून चांगला पुरावा मला सापडलेला नाही.

यानंतर १९४९ मध्ये अमेरिकेतच आलेलं पिस्तूल मला यंत्र म्हणून सगळ्यांत आवडतं. विल्यम रूगर हा हरहुन्नरी माणूस सुतारकामाची हत्यारं बनवण्याचा धंदा बुडवून बसला होता. अलेक्झांडर स्टर्म या चित्रकार मित्राने ५० हजार डॉलर घातले आणि कनेटिकटमधल्या साउथपोर्टला दोघांनी कंपनी काढली. किंमत ठेवली साडेसदतीस डॉलर, म्हणजे वुड्समनपेक्षा बरीच कमी. रूगरने महायुद्धावरून परतलेल्या एका सैनिकाकडून जपानी नाम्बू पिस्तूल घेतलं होतं आणि आपल्या गॅरेजमध्ये त्याच्या नकला करून पाहिल्या होत्या. त्यामुळे ‘रूगरने नाम्बू चोरलं’ असं लोक सहज म्हणून जातात. बाह्यरेषा आणि मागून पकडून ओढायच्या गोल बोल्टची कल्पना तिथली आहे खरी. पण त्याचं खरं डोकं दिसतं ते बनावटीत.

तेव्हा चांगलं पिस्तूल म्हणजे पोलादाचा ठोकळा घ्यायचा आणि मिलिंग मशीनवर तासन्‌तास कोरायचा. रूगरने मुठीची चौकट पत्र्याच्या दोन अर्ध्या भागांतून बनवली. प्रेसवर ठोकायचे आणि वेल्ड करून जोडायचे. वरचा भाग म्हणजे सरळ एक नळकांडं. त्यात नळी आटे पाडून घट्ट बसवलेली, आत गोल बोल्ट मागेपुढे पळतो. स्प्रिंगा तारेच्या गुंडाळीच्या. उद्यमनगरातला कुणीही हे पाहून खूश होईल, कारण इथे खर्च वाचला आणि कामही सुधारलं. वुड्समनवर मागची खाच, म्हणजे मागचं साइट, स्लाइडवर बसलेली असायची. स्लाइड दर बाराला मागेपुढे जाणार आणि दर वेळी तसूभर वेगळ्या जागी बसू शकणार. रूगरमध्ये हलतो तो फक्त आतला बोल्ट. पुढची माशी नळीवर, मागची खाच नळकांड्यावर, आणि ती दोन्ही एकमेकांत आवळलेली. बोल्ट गोल असल्यामुळे जळकटाला बाजूला सरायला जागा मिळते. टाचणीला आडवी खीळ आहे, त्यामुळे रिकामा चाप ओढला तरी टाचणी नळीच्या काठावर आपटत नाही. ज्या पिस्तुलांत ही सोय नसते त्यांत घरी रिकाम्या सरावाने नळीच्या काठाला खळगा पडतो आणि मग पुंगळ्या अडकू लागतात. पिस्तूल वर्षानुवर्षं ‘खराब’ म्हणून बदनाम होतं आणि कारण असतं दिवाणखान्यातला सराव.

रूगरची एकच गोष्ट लोकांनी शिव्या घालत सहन केली, ती म्हणजे उघडून साफ करणं. मूठ, नळकांडं आणि मागचा पाठीचा कणा पुन्हा जोडताना एक आकडी नेमक्या कोनात लोंबली पाहिजे, नाहीतर ते बसतच नाही. १९८२चं मार्क टू, २००४-०५चं मार्क थ्री, दोन्हींनी ही डोकेदुखी पुढे चालवली. २०१६ मध्ये मार्क फोर आलं आणि एक बटण दाबलं की पिस्तूल बिजागरीसारखं उघडू लागलं. तेही पुढच्याच वर्षी सुरक्षाकळीतल्या दोषामुळे कंपनीने परत मागवलं आणि दुरुस्त करून दिलं. सदुसष्ट वर्षांनी केलेली सोपी सुधारणासुद्धा पहिल्या फटक्यात जमली नाही. माझ्या मते भरवशासाठी नवं मॉडेल निघाल्या निघाल्या घेऊ नये. त्याची एक-दोन वर्षं दुसऱ्यांना काढू द्यावीत.

अमेरिकेत हे चाललं होतं तेव्हा युरोपात ऑलिंपिकच्या एका प्रकाराने पिस्तुलांना वेगळ्या वळणावर नेलं. पंचवीस मीटर रॅपिड फायर : पाच लक्ष्यं, पाच बार, आणि वेळ आधी आठ सेकंद, मग सहा, मग चार. हात पंचेचाळीस अंशांत खाली. लक्ष्य दिसलं की उचलायचा. चार सेकंदांच्या मालिकेत हात उचलण्यासकट एका बाराला सेकंदभरही मिळत नाही. इथे धक्क्याने नळी वर उडणं हा शत्रू. बर्लिन १९३६साठी जर्मनीच्या वाल्टर कंपनीने ‘ऑलिंपिया’ बनवलं आणि सुवर्ण, रौप्य दोन्ही जर्मनांनी घेतली. महायुद्धानंतर स्वित्झर्लंडमधल्या लेंझबुर्गच्या हेमर्लीने तेच पिस्तूल परवाना घेऊन बनवलं. याच प्रकारात हंगेरीच्या कारोय ताकाचने १९४८ आणि १९५२ची सुवर्णं जिंकली; १९३८ मध्ये हातात बॉम्ब फुटून उजवा हात निकामी झाल्यावर तो डाव्या हाताने नेम धरायला शिकला होता. ही गोष्ट वाचकांना ठाऊक असेल, म्हणून पुढे जातो.

धक्का कमी करायचा सोपा मार्ग म्हणजे काडतूसच लहान घेणं. म्हणून १८५७चं ते .२२ शॉर्ट, जे एव्हाना जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीपुरतं उरायला हवं होतं, ऑलिंपिकच्या मैदानात परत आलं. पण धक्का अर्धा झाला की स्लाइड ढकलायला ताकदही अर्धीच उरते. मग अमेरिकेच्या हाय स्टँडर्ड कंपनीने शॉर्टसाठीच्या पिस्तुलाला ॲल्युमिनियमची हलकी स्लाइड दिली. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये अमेरिकी मरीन विल्यम मॅकमिलनने तीन जणांच्या बरोबरीनंतर शूट-ऑफमध्ये सुवर्ण घेतलं ते हाय स्टँडर्डवर. ती कंपनी १९८४ मध्ये बंद पडली.

सोव्हिएत बाजूची हकीकत जास्त विलक्षण आहे. मिखाईल मार्गोलिन १९०६चा. १९२४ मध्ये, अठराव्या वर्षी, डोक्याला गोळी लागून त्याची दृष्टी कायमची गेली. या माणसाने पुढे शस्त्ररचनाकार म्हणून काम केलं. भाग मातीत, मेणात, लाकडात करून बोटांनी तपासायचा आणि नकाशे दुसऱ्याला सांगून काढून घ्यायचा. त्याचं पॉइंट टू टू पिस्तूल १९४०च्या दशकाच्या अखेरीस इझेव्स्कच्या कारखान्यात बनू लागलं आणि समाजवादी देशांच्या नेमबाजी क्लबांत कित्येक पिढ्यांनी त्यावर हात बसवला. मार्गोलिनवरचं लिखाण बहुधा अंधत्वावरच्या आश्चर्याशी थांबतं. मला ते पिस्तूल पाहताना वेगळंच जाणवतं. मागची खाच स्लाइडवर नाही. स्लाइडच्या वरून कमान टाकून ती चौकटीवर पक्की केली आहे. म्हणजे रूगरने नळकांड्याने सोडवलेलं कोडं याने पुलाने सोडवलं, आणि दोघांना एकमेकांचं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. दोन गावांतले दोन फिटर एकाच बिघाडावर दोन वेगळे तोडगे काढतात, तसं. आतले भाग मोजके आहेत, हाताला आकार कळतील असे. हा माझा अंदाज, पण बोटांनी रचना तपासणारा माणूस गुंतागुंत ठेवणारच नाही. (१९७७च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये राजकन्या लेआच्या हातातलं शस्त्र याच पिस्तुलावर सजवलेलं होतं. असो.)

त्याच देशाने १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकला एक चमत्कारिक पिस्तूल नेलं होतं. नळी हाताच्या वर नसून पार खाली, जणू पिस्तूल उलटं धरलंय. धक्का सरळ तळव्यात जातो, नळी वर उडतच नाही. कागदावर याहून हुशार उपाय नाही. प्रत्यक्षात सुवर्ण रुमानियाच्या श्टेफान पेट्रेस्कूने नेलं, ५८७ गुणांनी. सोव्हिएत चेरकासोव ५८५वर दुसरा. पुढे नियम बदलले आणि ती रचना बाद झाली. आजच्या नियमानुसार पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे, वजन १४०० ग्रॅमच्या आत, नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब नको, चापाचं वजन किमान १००० ग्रॅम. पिस्तूल निवडताना यंत्राच्या गुणाआधी ही पेटी येते.

तिरक्या मुठीचं बंधन तोडलं ते १९६८ मध्ये वाल्टरच्या जीएसपीने. मॅगझीन मुठीतून काढून चापाच्या पुढे आणलं. मूठ आता माणसाच्या हातासाठी मोकळी झाली आणि काडतुसाला नळीपर्यंतचा रस्ता सरळ, छोटा मिळाला. इटलीत लीदो दि कामायोरे इथल्या पार्दिनींनीही तोच मार्ग धरला. आज आपल्या रेंजवर पंचवीस मीटरला जी चौकोनी, बेढब वाटणारी पिस्तुलं दिसतात ती या वंशातली. ती पाहून कुणी ‘हे पिस्तूल वाटत नाही’ म्हणालं की मला समाधान वाटतं. १८८७च्या काडतुसाला हवा तो आकार द्यायला ऐंशी वर्षं लागली.

आणि मग २००५. आंतरराष्ट्रीय नियम बदलले, रॅपिड फायरलाही .२२ लाँग रायफल सक्तीचं झालं, चापाला १००० ग्रॅमची मर्यादा आली. अथेन्सला २००४ मध्ये जर्मनीच्या राल्फ शुमानने आपलं तिसरं सुवर्ण घेतलं ते शॉर्टच्या काळातलं शेवटचं ऑलिंपिक. शॉर्टसाठी घडवलेली उत्तमोत्तम पिस्तुलं एका वर्षात स्पर्धेबाहेर गेली. एकात एक सुद्धा बिघाड नव्हता. ज्यांनी नुकती घेतली होती त्यांचं काय झालं असेल याची कल्पना कोल्हापूरच्या माणसाला सहज करता येते.

अडलेल्या बाराची किंमत नेमकी किती, हेही सांगायला हवं, कारण ती प्रत्येक प्रकारात वेगळी. महिलांच्या पंचवीस मीटरमध्ये वेगाच्या टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद दिसतं, सात सेकंद लपतं. दर वेळी एकच बार. बार अडला तर नळी लक्ष्याकडेच ठेवून मोकळा हात वर करायचा आणि पंच येईपर्यंत पिस्तुलाला काही करायचं नाही. पंच ठरवतो दोष कुणाचा. चाप ओढला आणि काडतूस फुटलं नाही, तर सवलत. सुरक्षाकळ लावून ठेवली, काडतूस भरलंच नाही, किंवा घाईने स्लाइडला हात घातला, तर दोष नेमबाजाचा आणि गुण गेले. सवलतही मोजकीच. पण नियमात न मावणारी किंमत वेगळी असते. २०१८ला जकार्ता आशियाई स्पर्धेत राही सरनोबत आणि थायलंडची नाफास्वान यांगपायबून अंतिम फेरीत ३४ गुणांवर बरोबरीत राहिल्या. पहिला शूट-ऑफही बरोबरीत सुटला, दुसऱ्यात राहीने सुवर्ण घेतलं. दोन शूट-ऑफमध्ये दहा जादा बार, आणि त्यांतला प्रत्येक तीन सेकंदांत. तिथे मनात ‘आता अडणार तर नाही ना’ एवढी शंका जरी आली तरी नेम गेलाच. एअर पिस्तूलही यातून सुटत नाही : टोकियोत जुलै २०२१ मध्ये मनू भाकरचं पिस्तूल भर पात्रता फेरीत बिघडलं, दुरुस्तीत बहुमोल मिनिटं गेली आणि ती ५७५ गुणांवर बाराव्या जागी राहिली.

आपल्याकडे निवडीचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. भारताची राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ची. तिचे संस्थापक अध्यक्ष दादासाहेब मावळणकर, म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नवख्या नेमबाजांची पहिली मोठी पायरी आहे. १९५९चा शस्त्र कायदा आणि २०१६चे नियम यांच्या चौकटीत नोंदणीकृत नेमबाजाला परवाना आणि आयातीची वाट मिळते, पण दुकानात जाऊन चार पिस्तुलं हातात घेऊन पाहणं, प्रत्येकातून शंभर बार काढणं, हे आपल्याकडे होत नाही. युरोपातला नेमबाज पिस्तुलाइतक्याच काळजीने काडतूस निवडतो. इंग्लंडमधल्या ईलीसारखे कारखाने एका खेपेतली काडतुसं शिकंजात आवळलेल्या बंदुकीतून झाडून दाखवतात, आणि जी खेप आपल्या नळीला मानवते तिचे खोके नेमबाज वर्षभरासाठी उचलतो. आपल्याकडचा नेमबाज मिळतील ती काडतुसं घेतो. म्हणून परदेशात डोळे झाकून चालणारं पिस्तूल इथे अडतं, आणि दोष पिस्तुलाच्या नावावर लिहिला जातो.

म्हणून मला विचारायला येणाऱ्यांना मी ब्रँड सांगत नाही. सध्याच्या चांगल्या कारखान्यांची स्पर्धेची पिस्तुलं, नवी असोत वा नीट वापरलेली, या देशात टिकतात. मी विचारतो : तुम्हाला नियमित कोणती काडतुसं मिळतात? हे पिस्तूल त्याच काडतुसांवर चालवणारा कुणी रेंजवर आहे का? जादा मॅगझीन आणि स्प्रिंगा मिळतात का, की त्यांच्यासाठी सहा महिने थांबावं लागेल? गावातला आर्मरर ते उघडू शकतो का? आणि पिस्तूल आलं की एक वही घाला. प्रत्येक मॅगझीनवर रंगाने नंबर टाका. बार अडला की तीन गोष्टी लिहा : काय झालं, कितवा बार, कोणतं मॅगझीन.

ही वही बोलते. फुसका बार झाला तर काडतूस काढून कडेवरची खूण पाहावी. खूण खोल आहे आणि तरी उडालं नाही, तर काडतूस दोषी. खूण उथळ असेल तर टाचणी, तिची स्प्रिंग किंवा काडतूस पूर्ण आत बसू न देणारी नळीतली घाण. पुंगळी बाहेर पडता पडता स्लाइडमध्ये उभी अडकत असेल, तर काडतूस मवाळ आहे किंवा आत जळकट साचलं आहे, किंवा नवी स्प्रिंग अजून कडक आहे. पुढचं काडतूस नाक वर करून अडकत असेल, तर पहिला संशय मॅगझीनच्या ओठांवर. ते पत्र्याचे ओठ एकदा फरशीवर पडले की केसभर वाकतात, आणि डोळ्याला दिसत नाहीत.

आमच्या भागातल्या एका मुलीच्या वडिलांनी वापरलेलं पिस्तूल घेतलं होतं आणि दोन महिन्यांत ते विकायला काढलं होतं. गिऱ्हाईकही ठरलं होतं. मी वही घालायला सांगितलं. तीन आठवड्यांत अकरा वेळा पिस्तूल अडलं. अकरापैकी दहा वेळा काडतूस नाक वर करून, आणि दहाही वेळा दोन नंबरच्या मॅगझीनमध्ये. अकरावा निव्वळ फुसका बार होता. काडतूस फिरवून घातलं तर उडालं. मी माझ्या टूलरूममधल्या सरफेस प्लेटवर दोन्ही मॅगझीन ठेवून उंचीमापकाने ओठ मोजले. दोन नंबरचा डावा ओठ उजव्यापेक्षा ०.३ मिलिमीटर वर होता. तो वाकवून सरळ करता आला असता, पण एकदा वाकलेला पत्रा पुन्हा वाकतो. वडिलांनी नवं मॅगझीन मागवलं. ते यायला चार महिने लागले, तोवर ती एकाच मॅगझीनवर खेळली. पिस्तूल अजून तेच आहे.